दुसऱ्या आरशाची जागा

"पिस्ता नको," धाकटी म्हणाली.

डिझायनरने रंगाचं कार्ड फटकन मिटलं. राखाडी झाला होता, विटकरी झाला होता, फिकट गुलाबी झाला होता. आज सकाळी भिंतीवर हातभर पिस्ता मारून घेतला, तोही वाया.

"मग कुठला हवा?"

"ते नाही सांगता येणार. पण हा नको."

सलून दोघी बहिणींचं होणार होतं. थोरलीला दाखवाल ते पसंत पडे, धाकटीला काहीच नाही. वाट बघणाऱ्यांसाठी सोफा दाखवला, तर फार खोल. पिवळसर दिवे सुचवले, तर डोळ्यांवर येतील. दाराचं हँडलसुद्धा तिने परत पाठवलं होतं.

रिकाम्या दुकानात सिमेंटच्या गोण्या, बादल्या आणि पत्र्याची एक शिडी होती. शिडीपाशी इलेक्ट्रिशियन ग्राइंडर घेऊन ताटकळला होता. "मॅडम, वायरींसाठी भिंतीत झिऱ्या मारू का? प्लास्टरवाला आजच येतोय."

"मारा, मारा," थोरली म्हणाली. तिने एक बादली पालथी घातली, दुसरी तिच्या शेजारी सरकवली आणि त्या खुर्च्या समजून दोन्हींच्या मागे उभं राहून डिझायनरला दाखवलं. "इथे मी, इथे ही. मध्ये फळीबिळी काही नको, मॅडम. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकटी बाई आत आली तरी तिला वाटायला हवं, चला, इथे माणसं आहेत, बसावं जरा."

"बादल्या फार जवळ आहेत," धाकटी म्हणाली. "कोपराला कोपर लागेल."

डिझायनरचा तोल सुटला. "ताई, तुम्हाला नक्की काय हवंय ते एकदाचं सांगून टाका. रंग नको, सोफा नको, दिवे नकोत. हा नन्नाचा पाडा मी किती दिवस ऐकायचा? माझी इतर कामं खोळंबलीत. असंच चालणार असेल तर दुसरं कुणी तरी बघा."

"अहो, तिच्यावर नका चिडू," थोरली मध्ये पडली. "ती चोखंदळ आहे पहिल्यापासून. केस कापतानाही तसंच. बाई 'छान झालं' म्हणून उठायला लागते आणि ही तिला खांद्याला धरून परत बसवते. आत्ताच्या सलूनमध्ये लोक हिच्यासाठी थांबतात, माझ्यासाठी नाही. हिच्या जिवावर तर मी एवढी उडी घेतली."

धाकटीने मान फिरवली. पिस्त्याच्या ओल्या पट्ट्याला तिने बोट लावलं आणि ते शिडीला पुसत राहिली.

इलेक्ट्रिशियनने खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर अंदाजाने दोन खुणा केल्या. "तर मग दोन आरसे. प्रत्येकावर दिव्याचा एक पॉइंट, खाली ड्रायरसाठी एक. बरोबर?"

"एकच आरसा धरा," धाकटी म्हणाली.

"एक कसा गं?" थोरली हसली. "लोकांना पाळीपाळीने तोंड दाखवायचं का?"

"ताई, मी नाही येणार इथे."

इलेक्ट्रिशियनने ग्राइंडर हळूच खाली ठेवला.

"येणार नाही म्हणजे? दुसरीकडे कुणी बोलावलंय?"

"नाही. मला केसच कापायचे नाहीत. हात चांगला आहे, हात चांगला आहे, म्हणून जन्मभर तेच करायचं का?"

"मग काय करणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही."

"म्हणजे त्यावरही तुझं नाहीच." थोरलीचा आवाज चढला. "आणि हे आज सांगतेस? जागा घेताना हो म्हणालीस ना?"

"हो नव्हते म्हणाले. गप्प बसले होते."

"मग नंतर तरी तोंड उघडायचंस!"

"रोज तेच करत होते, ताई. रोज नाही म्हणत होते. तुला वाटलं, रंगाला."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होईना. डिझायनरला आपल्या मघाच्या बोलण्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते तिला कळेना.

थोरलीने पायाने एक बादली बाजूला सारली. ती घरंगळत गोण्यांना जाऊन आपटली. "मध्यावर घ्या," ती इलेक्ट्रिशियनला म्हणाली. "काय बघताय? ऐकलंत ना? एकच. मध्यावर."

"मध्य काढायला टेप धरावी लागेल," तो चाचरत म्हणाला. "दोन्ही टोकांना कुणीतरी..."

डिझायनर पुढे झाली, पण तोवर थोरलीने टेपचं टोक घेऊन भिंतीच्या एका कोपऱ्याला दाबून धरलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. धाकटी क्षणभर जागच्या जागी उभी राहिली. मग टेपची डबी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली. भिंत चांगली लांबलचक होती. पट्टी दोघींमध्ये ताणली गेली. इलेक्ट्रिशियनने मोजलं, आधीच्या दोन खुणा अंगठ्याने पुसल्या आणि मध्ये एक नवी खूण केली.

थोरली भिंतीकडे बघत होती. खुणेच्या अलीकडे बघून झालं, पलीकडे बघून झालं.

"मॅडम," तिने विचारलं. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा तिचा आवाज आता अगदी नीट होता. "एवढी भिंत उरली तर तिथे काय लावतात हो?"