भाऊंची जुनी खोड

मेजवानी संपताच राजदूत भाऊ पालशेतकर हात पुसत उठले आणि थेट स्वयंपाकघराकडे निघाले.

"सर, तिकडे जायचं नसतं!" सेक्रेटरी देवयानी मागे धावली.

पण भाऊंची खोड जुनी होती. कोकणातून ते तीनदा खासदार झाले, ते घरोघरी चुलीपाशी जाऊन, जेवणाचं कौतुक करूनच. आज तर जिवाला घोरही होता. इंजिन बंद पडून भरकटलेले गुहागरचे अकरा खलाशी दोन महिने या परक्या देशाच्या तुरुंगात होते, आणि इथले राष्ट्राध्यक्ष जेवताना तिसऱ्यांदा नुसतं "बघू" म्हणाले होते.

आत एक म्हातारी पातेल्यातलं कालवण ढवळत होती. "राष्ट्राध्यक्षांच्या मातोश्री," देवयानी कुजबुजली.

भाऊंनी हात जोडले. "आई, कालवण झकास! आमच्या खलाशांनी बोटं चाटली असती."

देवयानीनं भाषांतर केलं. म्हातारी खुलली. "मग आणायचं की त्यांनाही!"

"आणू कसं? तुमच्या लेकानं कोंडलंय त्यांना. तिकडे त्यांच्या आया वाट बघतायत."

म्हातारीनं डाव खाली ठेवला आणि दाराकडे वळून अशी हाक मारली, की राष्ट्राध्यक्ष गळ्यातल्या नॅपकिनसकट धावत आले.

सकाळी खलाशी सुटले. दिल्लीला अहवाल पाठवताना देवयानी अडली. "सर, बोलणी कोणत्या पातळीवर झाली म्हणून लिहू?"

"त्यात विचारायचं काय?" भाऊ म्हणाले. "लिही, सर्वोच्च पातळीवर!"