बाळाच्या खिडकीखाली

रिकर्व्ह धनुष्याचे तीन तुकडे होतात आणि ते पिशवीत बसतात. ते घेतलं की एमेट मित्रांबरोबर विमानाने मोंटानाच्या डोंगरात जाणार, आठवडाभर एल्क या मोठ्या हरणाच्या मागे. दुसरं धनुष्य, लाँगबो, एकसंध, सहाफुटी. ते घेतलं तर घरामागच्या रानातलं हरीण आणि संध्याकाळी घरी.

"ठरव बाबा एकदाचं," एवढंच मी म्हणाले.

त्यांच्या घराण्यात हे बाळावरून ठरतं. निजलेल्या बाळाच्या खिडकीखाली बाण सोडायचा. बाळ जागं झालं, तर हरीणही बिचकणार. एमेट तान्हा असताना सासऱ्यांनी त्याच्यावरही हाच प्रयोग केला होता.

मी पाळण्याशी बसले. आधी लाँगबोची दोरी वाजली. दोन महिन्यांची नेल ढिम्म हलली नाही. मग रिकर्व्हची वाजली आणि नेलने भोकाड पसरलं.

"ऐकलंस ना?" मी खिडकीतून म्हणाले. "एवढ्या आवाजाने तुझा एल्क कधीच पळालेला असेल."

एमेट आत आला. रिकर्व्ह सुटं करून त्याने कपाटात ठेवलं आणि लेकीला खांद्यावर घेतलं.

"पुढच्या वेळी हिच्या तळपायाला टिचकी मारू नकोस," तो म्हणाला. "नुसतं 'जाऊ नकोस' म्हण."