मोकळे हात

मुलीने आणलेला घडीचा स्टँड कर्णिकांनी तळ्याकाठी रोवला, त्यावर गळाची काठी टेकवली आणि हात मोकळे झालेच आहेत म्हणून शेजारच्या गृहस्थांना नमस्कार केला. अकरा वर्षं दोघं दर रविवारी शेजारी बसत, पण काठी धरलेली असल्यामुळे नुसती मान हलवून भागत असे.

पुढच्या रविवारी गृहस्थही स्टँड घेऊन आले. नमस्कार झाला. मग त्यांनी पिशवीतून स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि दोन्ही हातांनी उन्हात धरला. दुपारपर्यंत कर्णिक तो गुडघा बघत होते.

"पुढच्या वेळी पाठीचा आणतो," गृहस्थ म्हणाले.

त्यानंतर कर्णिकांनी काठी हातातच धरली.

घरी खांदा चेपून देताना मुलीने विचारलं, "बाबा, स्टँड मोडला का?"

"नाही गं. फारच चांगला आहे."