भोंगा उतरवला

रीनानं पहिली ओळ उचलली न तिची नजर फाटकावर गेली. तेजराम आलाच होता.

ओळ उचलणं हे तिचं काम. चर्चमधल्या अर्ध्या बायांले वाचता येत नाही, म्हणून रीना एक ओळ गाते न मंग सारे तिच्यामागं गातात. बारा वर्सं झाले, मरोदा वस्तीतल्या त्या छोट्याशा चर्चमधी तिचा आवाज कधी फाटला नव्हता. त्या दिवशी फाटला.

फाटकाबाहेर तेजराम घड्याळ पाहून डायरीत लिहून राहिला होता.

प्लांटमधून रिटायर झालेला माणूस. गल्लीच्या पल्याडच त्याचं क्वार्टर. घरात कोण हाय, कोण नाही, चर्चमधल्या कोणी कधी विचारलं नव्हतं. दोन महिन्यांपासून दर रविवारी तो आपल्या खिडकीचे दोन्ही पल्ले उघडून ठेवे न मंग फाटकाशी येऊन उभा राहे.

"खिडकीत मोबाइल ठेवला असंन रेकॉर्डिंगले," रीनाचा दीर विजयकुमार ढोलक कसता कसता म्हणाला. "अन् डायरीत टाइम. पक्का केस बनवून राहिला बुढा."

"तू आधी ढोलक सुरात आण. केस मंग पाहू."

रीना बोलली खरी, पण भेव तिलेबी होतं. मागल्या वर्सी दुसऱ्या एका वस्तीत भोंग्याच्या आवाजाचा असाच अर्ज पोलिसात गेला, न तिथली प्रार्थना आजवर बंद हाय. आपल्या भोंग्यापायी हे चर्च बंद पडलं, तं या बाया जातीन कुठं?

प्रार्थना सुटल्यावर तेजराम तिच्याजवळ आला.

"बाई, गाणं नऊ दहालेच सुरू होते न?"

"हो काका."

"मागल्या रविवारी नऊ पंचवीस झाले होते."

"लाइट गेली होती."

"हं." त्यानं लिहिलं. "पुढच्या रविवारी कोणतं गाणं हाय?"

रीनानं गाण्याची वही मिटली. "काही ठरलं नाही," ती म्हणाली. ठरलं होतं.

"ठरलं की सांगा. मले लिहून ठेवा लागते."

त्याच हप्त्यात विजयकुमारनं शिडी लावली न भोंगा उतरवला. रविवारी रीनानं खिडक्या लावून घेतल्या न ओळ अशी उचलली, जसं घरात लेकरू निजलं हाय.

"रीना, देवाले आयकू जात असंन, मले नाही जाऊन राहिलं!" मागच्या बाकावरून मैनाबाई वरडली. साऱ्या हसल्या. रीना नाही हसली.

तेजराम फाटकाशी उभा होता. भोंग्याच्या रिकाम्या खांबाकडं त्यानं बराच वेळ पाह्यलं, डायरीत काहीतरी लिहिलं न गेला. त्याच्या पुढच्या रविवारीबी तसंच. तिसऱ्या रविवारी आलाच नाही.

"जमलं, वैनी! केसमधी दमच नाही राह्यला," विजयकुमार म्हणाला. रीनानं डोळे मिटून देवाचे आभार मानले.

चौथ्या रविवारी तो सरळ आत आला. डोक्यावर गमचा. शेवटच्या बाकावर बसला न पूर्ण वेळ खाली पाहून राहिला. सारे उठून गेले, तवा त्यानं डायरी रीनासमोर धरली.

"ठेवून घ्या, बाई. माह्या कामाची नाही राह्यली."

"काका, भोंगा तं आमी कवाच उतरवला. आता अर्ज नका देऊ."

"अर्ज? कशाचा?"

त्यानं गमचा काढून तोंड पुसलं. डोक्यावर एक केस नव्हता. मंग तो गल्ली ओलांडून गेला.

रीना तिथंच बाकावर टेकली न डायरी उघडली. प्लांटच्या शिफ्ट रजिस्टरसारखे खाने आखले होते. पहिल्या पानावर वरतं लिहिलं होतं, 'पेशंटचं नाव मथुरा, माही घरवाली. बिमारी लकवा.'

'रविवार. टाइम ९.१०. गाणं चालू. रिमार्क: मथुराचं डावं बोट हाललं.'

'रविवार. टाइम ९.२५. गाणं उशिरा. रिमार्क: तोवर दूध नाही घेतलं. मंग घेतलं.'

'रविवार. टाइम ९.१०. गाणं चालू. रिमार्क: ओठ हालून राहिले. बाईले पुढचं गाणं विचारून येतो, मथुराले आधी सांगता येईन.'

'रविवार. टाइम ९.१०. आवाज नाही. रिमार्क: मथुरा खिडकीकडं पाहून राहिली.'

'रविवार. टाइम ९.१०. आवाज नाही. रिमार्क: दूध नाही घेतलं.'

'रविवार. टाइम ९.१०. आवाज नाही. रिमार्क: मथुराबी नाही.'