नुसतं बसलेला इन्स्पेक्टर

पंचवीस वर्षांपूर्वी लोकांची झोप उडवणारी टीव्हीवरची खूनकथांची मालिका चित्रपट महोत्सवांत गाजलेल्या एका दिग्दर्शकाने पुन्हा काढायला घेतली आणि इन्स्पेक्टर म्हणून तेव्हाच्याच, आता थकलेल्या नटाला बोलावलं. शूटिंगहून घरी आला की तो बायकोजवळ कुरकुरायचा, "हा बाबा मला नुसता खुर्चीत बसवून ठेवतो. ना संवाद, ना खून. बूड दुखायला लागलं." शूटिंग संपलं आणि आठवड्याभरात तो गेला.

आज घरी टीव्हीवर त्या नव्या मालिकेतला त्याचा भाग लावला होता. इन्स्पेक्टर खुर्चीत बसलेला. दोन मिनिटं झाली, चार झाली, तरी बसलेलाच.

जावयाने रिमोट उचलला. "आई, पुढे पळवू का? काहीच घडत नाहीये."

"असू दे," टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली. "त्यांचा श्वास चाललाय अजून."