मोज्यातला केस

रडणारं बाळ पूर्ण उघडं केल्याशिवाय मी औषधाचं नाव काढत नाही. तिघा डॉक्टरांनी पोटदुखी म्हणून हात झटकले होते. महिन्याची मुलगी परवापासून अंगावरचं दूध पीत नव्हती. मी मोजे काढले. उजव्या पायाची करंगळी जांभळी पडली होती, तिच्याभोवती केस करकचून आवळला होता. आईचा गळलेला केस मोज्यात असा गुंडाळला जातो कधीकधी. हा मात्र पांढराशुभ्र होता आणि त्याला चक्क गाठ मारलेली होती. मी तो कापला. मुलगी आईच्या छातीशी धरताच अधाशासारखी प्यायला लागली. “घरात म्हातारं कोण आहे?” “कुणीच नाही हो. आम्ही दोघीच.” काळ्याभोर केसांची आई ओशाळून म्हणाली, “मलाही काहीतरी लिहून द्या ना, डॉक्टर. सकाळपासून घशाखाली घास उतरत नाहीये.” मी तिला गळ्यातला स्कार्फ काढायला लावला. गळ्याभोवती पांढराशुभ्र केस आवळला होता, त्यालाही तीच गाठ होती.