पचनी पडलेलं स्थळ

अंबडच्या कारखान्यात नुकताच कायम झालेला जयवंत मोहिनीला बघायला इंदिरानगरला आला, तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरातच बजावलं, "आतड्यांच्या सुजेबद्दल अवाक्षर काढू नकोस. मागचं स्थळ त्याच पायी मोडलंय."

पोहे झाल्यावर दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. मुलगा सरळ वाटला, आणि सरळ माणसाला फसवायचं मोहिनीच्या अगदी जिवावर आलं. तिने सांगूनच टाकलं, "मला कोलायटिस आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय रोज सकाळी कुड्याच्या सालीचं चूर्ण घेते. कडूजहर असतं."

आता हा आत जाणार, असं धरून ती खालच्या एसटीडी बूथची पिवळी पाटी वाचत राहिली.

जयवंतने आवाज खाली आणला. "पाण्यातून घेता?"

"हो."

"ताकातून घेऊन बघा. माझ्या तरी तसंच घशाखाली उतरतं."

 

तेवढ्यात हॉलमधून त्याच्या आईचा खणखणीत आवाज आला, "आमच्या जयवंतला लोखंड वाढा विहीणबाई, तेबी पचवील!"